काउंटरवरची जागा

दिवाळीनंतर आमच्या महाराष्ट्र मंडळाचे जेवण एका शाळेच्या कॅफेटेरियात होते. मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलबी, कागदी ताटांचा ढीग आणि टेबलांच्या रांगांमधून धावणारी मुले. माझ्या शेजारी बसलेले काका मंडळातील सर्वांत जुन्या सभासदांपैकी आहेत. ते १९६९ साली अमेरिकेत आले. त्यांच्या येण्याची गोष्ट आम्ही सर्वांनी अनेकदा ऐकली आहे, तरी ती पुन्हा ऐकावीशी वाटते, कारण ते ती दर वेळी तेवढ्याच उमेदीने सांगतात. खिशात आठ डॉलर, सुटकेसमध्ये आईने बांधून दिलेले मेतकूट, अंगावरच्या कोटाला न जुमानणारी थंडी, आणि टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील एका मोठ्या दुकानात, उंच फिरत्या स्टुलावर बसून घेतलेली पहिली कॉफी आणि अ‍ॅपल पाय. कॉफी देणाऱ्या बाईंनी त्यांना ‘हनी’ अशी हाक मारली, आणि विमानातून उतरल्यापासून आपल्याशी पहिल्यांदाच कोणी मायेने बोलले असे त्यांना वाटले. हे सांगताना त्यांचा आवाज आजही भरून येतो. त्यांची शाळकरी नात समोर बसून ऐकत होती. तिने विचारले, “आजोबा, मग तुम्ही त्याच्या आधीच का नाही आलात?” काका म्हणाले, “अगं, आधी आपल्याला येऊ कुठे देत होते? कायदा बदलला, म्हणून आलो.” आणि मग लगेच, जिलबीचा तुकडा मोडत, “पण आल्यावर जे काही केलं, ते स्वतःच्या हिमतीवर. कुणी काही दिलं नाही आम्हाला.”

ही दोन वाक्ये एकमेकांना चिकटून आली आणि त्या रात्री घरी परतताना माझ्या मनातून जाईनात. काकांच्या कष्टांविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्यांनी दिवसा ड्रॉइंग बोर्डावर आणि रात्री गोदामात काम करून दोन बहिणींची लग्ने केली, धाकट्या भावाला बोलावून घेतले, आई गेली तेव्हा तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून अंत्यदर्शनालाही ते जाऊ शकले नाहीत. अशा माणसाला ‘तुम्हाला कोणीतरी काहीतरी दिले होते’ असे म्हणताना जीभ अडखळते. तरीही ‘कायदा बदलला’ हे दोन शब्दांचे सत्य ते इतक्या सहज ओलांडून गेले, जणू पावसाळा संपून हिवाळा लागावा तसा तो आपल्या आपण बदलला होता.

१९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निर्णय दिला, की भारतीय माणूस गोरा नाही आणि म्हणून तो या देशाचा नागरिक होऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने आशियातील बहुतेकांना दार बंद केले. १९४६ मध्ये ते किंचित किलकिले झाले. भारतातून वर्षाला १०० माणसे येतील असे ठरले. एवढ्या मोठ्या देशातून १००. ब्रुकलिनचे प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर १९२३ मध्ये अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, दाखल झाले होते, १९२४ च्या त्या कायद्याविरुद्ध तरुणपणी बोलले होते, आणि तो मोडण्यासाठी त्यांना चार दशके तिथे बसून राहावे लागले. शेवटी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायाशी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. सेलर यांची चिकाटी खरी. पण ती चाळीस वर्षे फळली नाही आणि १९६५ मध्येच का फळली, याचे उत्तर वॉशिंग्टनमध्ये सापडत नाही. त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता. वंशावरून आणि मूळ देशावरून भेदभाव करणे हॉटेलात, दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर, नोकरीत बेकायदा ठरल्यानंतर, देशाच्या वेशीवर मात्र तोच भेदभाव सरकारी शिक्क्यानिशी चालू ठेवणे कोणालाही उघडपणे समर्थनीय वाटेना. आणि नागरी हक्कांचा तो कायदा ज्या रेट्याने झाला, त्याचा एक उगम नॅशव्हिलच्या त्याच फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, तशाच उंच स्टुलांपाशी आहे.

नॅशव्हिलच्या सार्वजनिक वाचनालयात नागरी हक्क चळवळीसाठी एक वेगळी खोली आहे. काकांच्या बोलण्यानंतर काही आठवड्यांनी मी मुद्दाम तिथे गेले. मोठ्या खिडक्यांमधून खाली शहराचा जुना बाजारभाग दिसतो. आत एक गोलाकार काउंटर आहे आणि त्याच्याभोवती बसायला स्टुले. मी एका स्टुलावर बसले तेव्हा समोर कॉफीचा कप नव्हता, काउंटरवर कोरलेली अक्षरे होती. १९६० साली, कृष्णवर्णीयांना मनाई असलेल्या काउंटरवर बसून सत्याग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले दहा नियम. कोणी मारले तर उलट मारू नका, शिवीला शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. पुढाऱ्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. दाराची वाट अडवू नका. सर्वांशी सदैव स्नेहाने आणि सभ्यतेने वागा. ताठ बसा आणि तोंड नेहमी काउंटरकडे ठेवा. शेवटी येशू ख्रिस्त, महात्मा गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या शिकवणीचे स्मरण ठेवा, असे सांगितले आहे. ताठ बसण्याच्या नियमापाशी मी बराच वेळ थांबले. मागून कोण येते आहे, त्याच्या हातात काय आहे, हे मान वळवून पाहायचे नाही. पाठ उघडी ठेवून बसायचे. विशी-बाविशीच्या मुलामुलींना हे कोणी आणि कसे शिकवले असेल?

ज्यांनी शिकवले त्यांचे नाव जेम्स लॉसन, आणि ते हे धडे घेऊन आले होते नागपुराहून.

मी नागपूरची आहे. सिव्हिल लाइन्समधील हिस्लॉप कॉलेजवरून माझा लहानपणी नेहमीचा रस्ता होता. उन्हाळ्यात त्या बाजूच्या झाडांखाली सायकल जरा हळू चालवायची, कारण पुढे पुन्हा रणरणते ऊन. त्या कॉलेजात १९५३ ते १९५६ या काळात ओहायोतून आलेला एक तरुण कृष्णवर्णीय मेथॉडिस्ट मिशनरी राहत होता, मुलांना खेळ शिकवीत होता आणि गांधीविचार समजून घेत होता, हे मला शाळेत, घरी किंवा शहरात कोणी कधी सांगितले नाही. लॉसन इथे आले ते तुरुंग भोगून. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिला म्हणून त्यांनी वर्षाहून अधिक काळ अमेरिकन तुरुंगात काढला होता. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामातील मॉंटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी ‘नागपूर टाइम्स’मध्ये वाचली, आणि आनंदाने ओरडून आपण टाळ्या वाजवल्या, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. नागपूरच्या थंडीतल्या एखाद्या सकाळी, दारात पडलेले वर्तमानपत्र उचलून, आपल्या देशात अखेर ते सुरू झाले हे त्यांना कळले. १९५६ मध्ये ते परतले. फेब्रुवारी १९५७ मध्ये ओबर्लिन येथे त्यांची आणि किंग यांची गाठ पडली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण संपवून मग दक्षिणेत येईन असे लॉसन म्हणाले, तेव्हा थांबू नका, आत्ताच या, असा किंग यांनी आग्रह धरला. म्हणून ते नॅशव्हिलला आले आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले.

१९५९ च्या शरद ऋतूत एका चर्चच्या तळघरात त्यांचे वर्ग भरू लागले. फिस्क, टेनेसी स्टेट, अमेरिकन बॅप्टिस्ट अशा कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांमधून मुले येत. त्यांत शिकागोहून आलेली डायन नॅश होती, अलाबामातील शेतकऱ्याचा मुलगा जॉन लुईस होता, जेम्स बेव्हल आणि बर्नार्ड लाफायेट होते. गांधींवर व्याख्याने होत, पण वर्गाचा गाभा सराव हा होता. खुर्च्या काउंटरसारख्या मांडायच्या. काहींनी सत्याग्रही व्हायचे, काहींनी गुंड. गुंड झालेल्यांनी खरोखर शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्ची ओढून खाली पाडायचे. पडलेल्याने डोके आणि पोट कसे वाचवायचे, मारणाऱ्याच्या डोळ्यांकडे कसे पाहत राहायचे, शेजारच्यावर वार होऊ लागले तर आपले शरीर मध्ये कसे घालायचे, हे शिकायचे. मैत्रिणीला मैत्रिणीने, रोज एकत्र जेवणाऱ्या मित्राला मित्राने त्या नावाने हाक मारायची, जे नाव ऐकत ती दोघेही लहानाची मोठी झाली होती. आपण अहिंसेला संतांचा स्वभाव मानतो, म्हणून तिला नमस्कार करून बाजूला ठेवणे सोपे जाते. त्या तळघरात ती कसबी लोकांची विद्या होती: घाम गाळून, चुकत, पुन्हा उठून अंगात मुरवलेली. लॉसन यांच्याविषयी सांगितला जाणारा एक प्रसंग असा आहे, की एका गोऱ्या तरुणाने त्यांच्यावर थुंकल्यावर त्यांनी शांतपणे त्याच्याकडेच रुमाल मागितला. तो इतका गोंधळला की त्याने रुमाल दिला, आणि लॉसन तोंड पुसत त्याच्याशी मोटारसायकलींविषयी बोलू लागले.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी नॅशव्हिलमध्ये बर्फ पडले होते. त्याआधी बारा दिवस नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर बसले होते आणि त्यांची बातमी वणव्यासारखी पसरली होती; नॅशव्हिलची मुले त्यासाठी कित्येक महिने तयारी करून बसलेली होती. शंभराहून अधिक जण चर्चमधून निघून, रविवारचे चांगले कपडे घालून, बर्फातून फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूकडे चालत गेले. वूलवर्थ, क्रेस, मॅक्लेलन. या दुकानांत कृष्णवर्णीयांना मज्जाव नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे. मोजे, वह्या, दंतमंजन त्यांच्याकडून पैसे घेऊन आनंदाने विकले जाई. फक्त जेवणाच्या काउंटरवर त्यांनी बसायचे नाही. बाजाराला आलेल्या आईने मुलाचा हात धरून त्या लाल-पांढऱ्या स्टुलांवरून, भाजलेल्या मांसाच्या आणि कॉफीच्या वासातून, काहीतरी कारण सांगत पुढे निघून जायचे. मुलांनी थोडीशी खरेदी केली, पावती खिशात ठेवली आणि स्टुलांवर बसली. त्या दिवशी काउंटर बंद करण्यात आला. दोन आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीला, जमावाने त्यांना स्टुलांवरून ओढून मारले, अंगावर सिगारेटी विझवल्या, आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना. एक रांग गाडीत गेली की दुसरी रांग येऊन त्याच स्टुलांवर बसे. ८० हून अधिक जण पकडले गेले. दंड भरून सुटण्यास त्यांनी नकार दिला. व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकले, आणि त्याच्या निषेधार्थ तिथल्या अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले.

महाडची आठवण आल्याशिवाय हे मराठी माणसाला वाचताच येणार नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेने ठराव करून ते सर्वांना खुले केलेले होते, तिथे गुरांना बंदी नव्हती. पाणी प्यायलेल्यांवर हल्ला झाला आणि मागाहून तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. न्यायालयातील लढा पुढे दहा वर्षे चालला. ज्या नागपुरात लॉसन यांनी गांधी वाचले, त्याच नागपुरात, ते परतले त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अमेरिकेत आम्ही मराठी माणसे अभिमानाने सांगतो, की किंग यांना मार्ग दाखवणारा महात्मा आमचा होता. मीही ते सांगितले आहे, आणि ते खोटे नाही. परंतु काउंटरवर बसू पाहणाऱ्या मुलांची जागा आमच्या समाजात कोणाची होती आणि स्टुलामागे उभ्या असलेल्या जमावाची जागा कोणाची, हे विचारले की तो अभिमान घशात अडकतो. १९६९ च्या सुमारास इंजिनिअर किंवा डॉक्टर होऊन परदेशी निघालेले आमचे काका-मामा बहुतांशी कोणत्या घरांतून निघाले, हे आम्हाला सर्वांना ठाऊक आहे.

१९ एप्रिल १९६० रोजी पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. लूबी पतिपत्नी वाचले. स्फोटाने रस्त्यापलीकडील मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयाच्या खिडक्या फुटल्या. त्या दिवशी हजारो लोक एकही घोषणा न देता नगरभवनाकडे चालत गेले. नुसत्या पावलांचा आवाज. पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट उभे होते. डायन नॅशने त्यांना विचारले, की केवळ रंगामुळे एखाद्या माणसाला वेगळे वागवणे योग्य आहे, असे तुम्हाला वाटते का? वेस्ट राजकारणी होते, त्यांना बगल देता आली असती. ते म्हणाले, नाही, मला तसे वाटत नाही. मग काउंटर खुले व्हावेत का, या प्रश्नालाही त्यांनी होकार दिला. १० मे रोजी दुकानांनी कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना खाणे वाढायला सुरुवात केली. अर्थात एकट्या प्रश्नाने हे झाले नाही. ईस्टरच्या ऐन हंगामात कृष्णवर्णीयांनी बाजारावर घातलेल्या बहिष्काराने दुकानदार आधीच हैराण झाले होते. तरीही एका तरुण मुलीने महापौराला ‘तुम्ही’ म्हणून, माणूस म्हणून विचारलेला तो प्रश्न मला त्या दशकातील मोठमोठ्या भाषणांहून अधिक जवळचा वाटतो.

वाचनालयातून आल्यावर मी काकांना फोन केला. तुम्ही कॉफी प्यायलात त्या दिवशी काउंटरवर आणखी कोण कोण होते, आठवते का, असे विचारले. ते थोडा वेळ आठवत राहिले. “दोघं-तिघं होते. माझ्या शेजारी एक वयस्कर काळे गृहस्थ होते, सूप पीत होते. त्यांनीच मला साखरेचा डबा सरकवला.” मग म्हणाले, “का गं?” मी त्यांना १९६० चे सांगितले. काका त्या शहरात सोळा वर्षे राहिले होते; त्यांनी हे ऐकलेले नव्हते असे नाही, कुठेतरी वाचलेले होते, पण ते रस्ते आणि ते स्टूल आपल्या ओळखीचे आहे हे त्यांना कधी जाणवले नव्हते. ते आले तेव्हा काउंटर सर्वांसाठी खुला होता, आणि जे आल्या दिवसापासून दिसते ते नेहमीच तसे होते असे आपण धरून चालतो. त्या वयस्कर गृहस्थांना मात्र नक्की ठाऊक असणार, की नऊ वर्षांपूर्वी ते तिथे बसू शकत नव्हते. ते काकांशी काही बोलले नाहीत. साखर तेवढी दिली.

त्या दशकाचा विचार करताना मला राजकारण आणि गाणी वेगळी करता येत नाहीत. नॅशव्हिल म्हणजे गोऱ्यांचे ग्रामीण संगीत अशी आपली समजूत असते. पण त्याच शहरातील डब्ल्यूएलएसी हे ताकदवान रेडिओ केंद्र रात्री कृष्णवर्णीयांचे संगीत वाजवीत असे, आणि दक्षिणेतील कित्येक गोऱ्या घरांतील मुले आईवडील झोपल्यावर उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवून ते ऐकत. दिवसा ज्यांच्याबरोबर एका बाकावर बसायला बंदी, त्यांचाच आवाज रात्री कानाशी. शहरातील जेफर्सन स्ट्रीटवर कृष्णवर्णीयांचे क्लब ओळीने होते. जिमी हेंड्रिक्स सैन्यातून सुटल्यावर तिथेच गिटार वाजवून पोट भरत होता. १९६४ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे प्रेक्षकांना रंगानुसार वेगळे बसवणार असाल तर आम्ही गाणार नाही, असे बीटल्सनी सांगितले आणि आयोजकांना ऐकावे लागले. टेलिव्हिजनने तर घराघरांतील दिवाणखान्याची शांतताच मोडली. ७ मार्च १९६५ रोजी नाझींवरील न्यूरेंबर्ग खटल्याविषयीचा चित्रपट चालू असताना एबीसी या वाहिनीने तो थांबवून अलाबामातील सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चाची दृश्ये दाखवली: घोडेस्वार पोलीस, अश्रुधूर, आणि लाठीने डोके फुटलेला जॉन लुईस. नॅशव्हिलच्या तळघरात पडायला शिकलेला तोच मुलगा. आठ दिवसांनी जॉन्सन यांनी काँग्रेससमोर मतदानाच्या हक्कांचा कायदा मागताना चळवळीच्या गाण्याचे, ‘वी शॅल ओव्हरकम’चे, शब्द उच्चारले. चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातील संपकरी बायकांनी १९४५-४६ मध्ये गायलेले ते गाणे, एप्रिल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रॅली शहरात भरलेल्या विद्यार्थ्यांच्या परिषदेत, जिथे लॉसन यांचेही भाषण झाले, गाय कॅरावान यांनी सर्वांना शिकवले आणि ते चळवळीचे गाणे झाले. नागपूरच्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या सकाळी आम्ही त्याचेच हिंदी रूप, ‘हम होंगे कामयाब’, म्हणत असू, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना खडू फासून, प्रार्थनेच्या रांगेत. ते इतके आमचे वाटे की ते कोणाकडून आले असेल हा प्रश्नच मनात आला नाही.

जेफर्सन स्ट्रीटचे पुढे काय झाले, हे मात्र सांगितलेच पाहिजे. साठचे दशक संपत आले असताना इंटरस्टेट ४० हा महामार्ग त्या वस्तीच्या मधोमध नेण्यात आला. रहिवासी न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९६८ मध्ये हरले. घरे, दुकाने, क्लब पाडले गेले, उरलेले एकमेकांपासून तुटले. म्हणजे ज्या दशकाने कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या दुकानात बसण्याची जागा दिली, त्याच दशकाने त्यांच्या स्वतःच्या बसण्याच्या जागांवरून रस्ता नेला. काका त्या रस्त्याने वर्षानुवर्षे कामावर जात होते. मीही नॅशव्हिलला जाते ती त्याच रस्त्याने, आणि तिथून जाताना गाडीतून काहीही दिसत नाही. आवाज अडवणाऱ्या भिंती आहेत आणि दिशादर्शक पाट्या.

लॉसन १९६२ मध्ये मेम्फिसला गेले. तिथे १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, गाडीचे यंत्र चालू होऊन चिरडले गेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगार संपावर गेले. लॉसन संपाच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांनीच किंग यांना बोलावले. कामगारांच्या छातीवरील फलकांवर एवढेच लिहिलेले असे: मी माणूस आहे. माणूस हा माणूस नाही ही कल्पनाच वर्णद्वेषाच्या मुळाशी आहे, असे लॉसन त्या वेळी म्हणाले होते. ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्जात किंग यांना गोळी लागली. १६ एप्रिलला संप मिटला, पगार थोडे वाढले. तोपर्यंत चळवळीतील अनेक तरुणांचा अहिंसेवरील विश्वास उडाला होता. ओकलंडमध्ये १९६६ सालीच ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला होता, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने ते नाव उचलले. मला या दोन प्रवाहांत निवड करता येत नाही. नागपुराहून नॅशव्हिलला गेलेली विद्या आणि ओकलंडहून मुंबईला आलेला संताप, दोन्ही मला खरे वाटतात. कोल आणि वॉकर यांच्या विधवांना कोणी संयम शिकवावा, हे मात्र पटत नाही.

आमचे येणे या सर्वांतून, जवळजवळ नकळत, घडले. सही करताना जॉन्सन म्हणाले होते, की हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, त्याने लक्षावधींच्या आयुष्यात फरक पडणार नाही. कायदा मंजूर होण्यासाठी प्रतिनिधी मायकेल फीगन यांच्या आग्रहाने नातेवाइकांना प्राधान्य देण्यात आले, ते अशा हिशेबाने, की इथे नातेवाईक आहेत ते युरोपियनांचे, तेव्हा येणारेही तेच असतील. आशियाई माणसांसाठी मुख्य वाट उरली ती उच्चशिक्षितांच्या प्राधान्याची, आणि त्या वाटेने काकांसारखे इंजिनिअर आले. १९६५ मध्येच मेडिकेअरचा, म्हणजे वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, कायदा झाला. ज्या रुग्णालयांना ते पैसे हवे होते त्यांना काळ्या आणि गोऱ्या रुग्णांचे वेगळे वॉर्ड मोडावे लागले, रुग्ण वाढले, डॉक्टर कमी पडू लागले, आणि मुंबई-पुणे-नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून निघालेले तरुण त्या वॉर्डांत रात्रपाळ्या करू लागले. त्या शिक्षणाचा खर्च भारतातील करदात्यांनी उचललेला होता, ज्यांतील बहुतेकांनी विमान फक्त आकाशात पाहिले असेल. किंग यांच्या मृत्यूनंतर आठवड्यात घरांच्या विक्रीत आणि भाड्यात भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. त्यामुळे पुढे काकांना घर विकायला नकार देणे दलालाला अवघड झाले. पुढे आमच्या यशाचे दाखले देऊन कृष्णवर्णीयांनाच विचारण्यात येऊ लागले, की हे वर आले, तुम्हाला का जमत नाही. चाळणीने वेचून आणलेल्यांशी त्यांची तुलना, जे मुळात साखळदंडांनी आणले गेले होते. आमच्या जेवणांच्या टेबलांवरही हा प्रश्न मी ऐकला आहे, चांगल्या, प्रेमळ माणसांच्या तोंडून, आणि त्या वेळी मला जेवण गोड लागलेले नाही.

जेम्स लॉसन जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिस येथे वारले. ते ९५ वर्षांचे होते. ज्या विद्यापीठाने त्यांना काढून टाकले होते, त्यानेच त्यांना पुढे सन्मानाने शिकवायला बोलावले होते आणि ते गेलेही होते. पुढील वर्षी आमच्या मंडळाची स्मरणिका निघणार आहे. तिच्यात मंडळाचा इतिहास पहिल्या गणपतीपासून सुरू होतो: कोणाच्या तळघरात आरास होती, मूर्ती कोणी सामानातून जपून आणली, मोदकांसाठी तांदळाची पिठी कुठून मिळवली. ते सर्व राहावेच. पण त्याच्या आधी एक पान असावे, त्यावर १३ फेब्रुवारी १९६० ही तारीख आणि डायन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेट, जेम्स लॉसन ही नावे असावीत, असे मी संपादकांना लिहून कळवले आहे. काहींना ते विषयांतर वाटते आहे आणि त्यावर अजून बोलणे चालू आहे. काकांनी मात्र त्या पानासाठी आपली कॉफीची गोष्ट स्वतःच्या अक्षरात लिहून दिली आहे, आणि या वेळी तिच्यात साखरेचा डबा सरकवणारे ते गृहस्थही आहेत.